अकरावीत ‘एपी यूएस हिस्टरी’ घेऊ द्यावी का?

*ताई, नमस्कार. आम्ही मागच्या उन्हाळ्यात नाशिकहून न्यू जर्सीला आलो. लेक नववीपर्यंत नाशिकला शिकली. इथे दहावीत तिची ‘यूएस हिस्टरी १’ चालू आहे, आतापर्यंत ‘ए’ आहे. आता पुढच्या वर्षाचे विषय भरायचेत. काउन्सेलर म्हणतात, साधी ‘यूएस हिस्टरी २’ घेण्यापेक्षा एपी घे. तिचीही इच्छा आहे. तिचे बाबा म्हणतात, पुढे इंजिनिअरिंगच करायचंय, तर तो वेळ फिजिक्सला दे. मला वेगळीच भीती वाटते. इथली मुलं लहानपणापासून वॉशिंग्टन, लिंकन ऐकत वाढली; आमच्या घरात शिवाजी महाराज आणि पेशवे. ती मागे तर पडणार नाही ना? अभ्यास किती असतो, परीक्षा कशी असते, आणि आम्ही घरी काय मदत करायची?*
*— एक आई, न्यू जर्सी*

नमस्कार,

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं शिकावाच लागतो. त्यामुळे फिजिक्स की इतिहास असा सवालच उरत नाही. इतिहास आहेच, तो साधा घ्यायचा की एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या तोडीचा कोर्स) एवढंच ठरवायचंय. एपीला वेळ जास्त जातो हे मात्र खरं, त्या हिशेबावर पुढे येते.

तुमच्या भीतीबद्दल मला जास्त बोलायचंय. मी इथल्या हायस्कूलमध्ये हा विषय बरीच वर्षं शिकवला. ‘एपी यूएस हिस्टरी’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून मुलं याला ‘एपुश’ म्हणतात. तुमच्या घरातही सप्टेंबरपासून हाच शब्द ऐकू येईल. लहानपणी लिंकनच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना या वर्गात फार मोठा फायदा होतो असं मी कधी पाहिलं नाही. वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडलं आणि बापाजवळ खरं सांगितलं, ही गोष्ट तर घडलेलीच नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचली. असल्या गोष्टी डोक्यात घेऊन आलेल्या मुलांना त्या आधी बाजूला ठेवाव्या लागतात. तुमच्या लेकीची पाटी कोरी आहे असं तुम्हाला वाटतं, पण कोरी पाटी ही इथे अडचण नाही.

आपल्या घरांतली मुलं अडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. माझ्या वर्गात पुण्याहून आलेली एक मुलगी होती. अतिशय मेहनती. वहीत समासापासून सगळं नीटनेटकं, सनावळ्या तोंडपाठ. तिच्या पहिल्या डीबीक्यूला, म्हणजे दिलेल्या कागदपत्रांवरून लिहायच्या निबंधाला, सातपैकी दोन गुण मिळाले. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलाजवळ आली, डोळे भरलेले. मी तिचा निबंध पुन्हा वाचला. सातही कागदपत्रांचा सारांश त्यात होता, एकही चूक नव्हती. मी विचारलं, ‘पण तुझं म्हणणं काय?’ ती म्हणाली, ‘मॅडम, माझं म्हणणं कशाला? जे दिलंय ते मी लिहिलं.’ त्या मुलीला कोणी कधी विचारलंच नव्हतं की तुला काय वाटतं. शाळेत उत्तर पुस्तकातल्यासारखं यायला हवं होतं, आणि घरी मोठ्यांपुढे मत मांडलं की ‘उलट बोलू नकोस’. दोन्ही ठिकाणी ती गुणी मुलगी होती, आणि त्याच गुणामुळे इथे ती अडली. हे मी एका मुलीचं सांगते आहे, पण असं वीसेक मुलांच्या बाबतीत तरी पाहिलंय.

तर हा कोर्स नेमका काय आहे ते सांगते. तो कॉलेज बोर्ड, म्हणजे एसएटी परीक्षा घेणारी संस्था, चालवते, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा असतो असं धरलं जातं. इतिहासाचे नऊ कालखंड केलेत. पहिला १४९१ ला सुरू होतो. कोलंबस आला १४९२ ला, म्हणजे सुरुवात मुद्दाम त्याच्या आदल्या वर्षी ठेवलीय. तो येण्याआधी इथे माणसं होती, शेती होती, गावं होती, हे त्या एका आकड्यात सांगितलंय. पाचवा कालखंड १८४४ ते १८७७ आणि सहावा १८६५ ते १८९८. दोघांत बारा वर्षं सामाईक आहेत. मुलं विचारतात, ही छापखान्याची चूक आहे का? नाही. गुलामगिरीवरून उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं १८६१ ते १८६५ मध्ये आपसांत लढली, त्या यादवी युद्धानंतरची ती वर्षं जुन्या भांडणाचा शेवट म्हणून वाचायची की कारखानदारीच्या नव्या जमान्याची सुरुवात म्हणून, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पहिला आणि शेवटचा कालखंड परीक्षेत थोडाच येतो. मुख्य भर १७५४ ते १९८० वर असतो. तुमच्या लेकीचा यातला बराचसा पहिला भाग दहावीत होतोच आहे, तेव्हा मागे पडण्याची बात सोडा.

परीक्षा मे महिन्यात, सव्वातीन तासांची. २०२५ पासून ती संगणकावर, कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये होते. उत्तरं टाइप करायची. आधी ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के वजन. हे प्रश्न सुटे नसतात. एखादं पत्र, व्यंगचित्र, नकाशा किंवा इतिहासकाराचा उतारा द्यायचा आणि त्यावर तीन-चार प्रश्न. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही रिकामा सोडायचा नाही. मग ४० मिनिटांत तीन छोटी उत्तरं, त्यांना २० टक्के. नंतर डीबीक्यू, म्हणजे सात कागदपत्रं देऊन लिहायला लावलेला निबंध. तास मिळतो, त्यातली पंधरा मिनिटं वाचनाची, आणि वजन २५ टक्के. शेवटी कागदपत्रांशिवायचा मोठा निबंध, एलईक्यू, ४० मिनिटांचा, १५ टक्क्यांचा. तीन प्रश्नांतून एक निवडायचा. निकाल जुलैत, १ ते ५ मध्ये. ३ म्हणजे उत्तीर्णासारखं. कॉलेजात क्रेडिट कितीला मिळतं ते प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. बरीच ४ किंवा ५ मागतात.

थोडक्यात, ४० टक्के गुण सरळ निबंधांवर आहेत, आणि निबंध तपासायची गुणतालिका ठरलेली आहे. डीबीक्यूच्या सात गुणांपैकी पहिला गुण थीसिसचा, म्हणजे ‘तुझं म्हणणं काय’ याचा. एक संदर्भाचा, म्हणजे त्या काळाची पार्श्वभूमी मांडण्याचा. तीन पुराव्याचे, त्यातला एक दिलेल्या कागदपत्रांबाहेरचा पुरावा आणण्याचा. उरलेले दोन विश्लेषणाचे. माझ्या त्या मुलीला संदर्भाचा एक मिळाला आणि पुराव्याचा एक, बास.

थीसिस म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवते. समजा प्रश्न आला की न्यू डीलमुळे, म्हणजे १९३० च्या दशकातल्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने आणलेल्या योजनांमुळे, सरकारचं लोकांशी असलेलं नातं कितपत बदललं. आपली मुलं लिहितात, ‘न्यू डीलमुळे अमेरिकेत अनेक महत्त्वाचे बदल झाले.’ या वाक्याला गुण नाही, कारण त्याच्याशी कोणी भांडूच शकत नाही. आता हे बघा: ‘१९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने कामगारांच्या म्हातारपणाची जबाबदारी केंद्र सरकारने अंगावर घेतली, हा मोठा बदल, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले, त्यामुळे दक्षिणेतल्या बऱ्याचशा कृष्णवर्णीय कामगारांसाठी सरकार होतं तितकंच दूर राहिलं.’ इथे माणूस काहीतरी ठामपणे म्हणतोय. कोणी म्हणेल, नाही, मला पटत नाही. तसं कोणी म्हणू शकतं, म्हणूनच तो थीसिस.

आणि कागदपत्र कसं वाचायचं, तेही सांगते, कारण माझ्या मते या कोर्सचा जीव त्यात आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली याने लिंकनवर जाहीर टीका केली, की गुलामांच्या मुक्तीबाबत तुम्ही कच खाताय. लिंकनने २२ ऑगस्टला उत्तर लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: माझा हेतू संघराज्य वाचवण्याचा आहे. एकही गुलाम मुक्त न करता ते वाचत असेल तर मी तसं करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, काही मुक्त करून बाकीचे तसेच ठेवून वाचत असेल तर तसंही करीन.

हे पत्र पहिल्यांदा वाचलं की मुलांचा चेहरा पडतो. एका वर्षी एका मुलाने पुस्तकच मिटलं, म्हणाला, म्हणजे त्याला गुलामांचं काही पडलेलंच नव्हतं. मी म्हटलं, आता तारीख बघ. २२ जुलैला, म्हणजे बरोबर एक महिना आधी, लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सुअर्ड म्हणाला, रणांगणावर विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हरणाऱ्याची धडपड वाटेल. तो मसुदा तयार असताना लिंकन हे पत्र लिहितोय. मग कोणासाठी लिहितोय? ग्रीलीसाठी की ग्रीलीच्या खांद्यावरून डोकावून वाचणाऱ्यांसाठी? केंटकी, मिसुरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्यं अजून उत्तरेकडे होती, ती फुटली तर युद्धच हातचं जाईल. जे उत्तरेकडचे लोक संघराज्यासाठी लढायला तयार होते पण गुलामांसाठी नव्हते, त्यांनाही तो सांगतोय की मी जे काही करीन ते संघराज्यासाठी. पत्राच्या शेवटी तो हेही लिहितो की हे माझ्या पदाचं कर्तव्य झालं. सगळीकडची सगळी माणसं मुक्त व्हावीत ही माझी स्वतःची इच्छा तशीच आहे. सप्टेंबरात अँटीटमची लढाई झाली, सुअर्ड म्हणाला होता तो विजय लिंकनला त्यात मिळाला, आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला. १ जानेवारी १८६३ ला तो लागू झाला.

कोणी लिहिलं, कोणासाठी, कधी, कशासाठी: एवढे चार प्रश्न विचारल्यावर तेच पत्र वेगळं दिसायला लागतं. यावर वर्गात अख्खा तास वाद व्हायचा. कोणी म्हणायचं लिंकन मुत्सद्दी होता, कोणी म्हणायचं तरीही त्याने गुलामांच्या आयुष्याचा हिशेब मांडायला नको होता. पुण्याची ती मुलगी त्या तासाला पहिल्यांदा हात वर करून बोलली. लिंकनच्या विरुद्ध बोलली, आणि पुराव्यानिशी बोलली. एप्रिलपर्यंत तिचे निबंध सातपैकी पाच-सहा गुणांवर आले. सनावळ्या तिच्याकडे आधीपासून होत्याच. आता त्या कामाला लागल्या.

मराठी घरातून आलं म्हणून नुकसान होतं, हे तुमच्या मनातून पुरतं काढायला आणखी एक गोष्ट सांगते. यादवी युद्धात दक्षिणेचा भरवसा कापसावर होता. इंग्लंडच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, तेव्हा इंग्लंड आमच्या बाजूने उतरणारच, असं त्यांचं गणित. उत्तरेने बंदरांची नाकेबंदी केली, कापूस थांबला, पण इंग्लंड युद्धात उतरलं नाही. त्याची कारणं अनेक, पण एक मोठं कारण म्हणजे इजिप्तचा आणि आपला कापूस. १८६१ ते १८६५ मध्ये मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजाराचं वेड लागलं. युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या कर्जबाजारीपणाची एक मुळी याच पडझडीत होती. हे तुमच्या लेकीने कुठेतरी वाचलेलं असेल. दक्षिणेला परदेशी मदत का मिळाली नाही, या प्रश्नावर भारतीय कापसाचा मुद्दा हा बाहेरून आणलेला अस्सल पुरावा आहे. तसंच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये नागरिकत्व मिळू लागलं, पण इथे येण्याचं दार वर्षाला शंभर माणसांपुरतंच किलकिलं झालं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने ते खरं उघडलं. तुम्ही आज न्यू जर्सीत आहात त्यामागे तो १९६५ चा कायदा आहे. तेव्हा हा इतिहास परक्यांचा आहे असं मानूच नका.

आता अभ्यासाचा हिशेब. मी रोज बारा-पंधरा पानं वाचायला देत असे, टिपणं काढण्यासकट तासभर धरा. महिन्यातून एखाद-दोन मोठे निबंध. पहिल्या तिमाहीत ग्रेड घसरतेच. ‘ए’ मिळवणाऱ्या मुलांना ‘बी’, कधी ‘सी’ दिसतो. त्या वेळी घरात रडारड करू नका. बऱ्याच शाळा एपीच्या ग्रेडला जीपीएत (सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या सरासरीत) जास्त वजन देतात, तुमच्या शाळेचा नियम काउन्सेलरना विचारा. वर्ग सोडून साध्यात जायची मुदत कधीपर्यंत आहे तेही आत्ताच विचारून ठेवा. काही शाळा हा कोर्स दोन वर्षांत विभागून शिकवतात. तसं असेल तर अकरावीत मधूनच प्रवेश देतात का, हे पहिलं विचारायचं.

सगळ्यांनी एपी घ्यावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. एक साधी चाचणी करा. तिच्या आत्ताच्या पाठ्यपुस्तकातलं न वाचलेलं प्रकरण घ्या, दहा पानं वाचू द्या, पुस्तक मिटवा आणि लेखकाचं म्हणणं तीन वाक्यांत सांगायला सांगा. अर्ध्या-पाऊण तासात हे जमलं तर बिनधास्त घेऊ द्या. दीड तास लागत असेल, इंग्रजी वाक्यांशी झगडावं लागत असेल, तर या वर्षी साधा वर्ग घेऊन बारावीत सरकार किंवा अर्थशास्त्राची एपी घेणं शहाणपणाचं. त्यात कमीपणा काही नाही. त्याच वर्षी एपी फिजिक्स, कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री असं सगळं एकदम असेल तर बाबांची काळजी रास्त आहे. मग एक काहीतरी पुढे ढकला, पण काय ढकलायचं ते तिला ठरवू द्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. यातली कागदपत्रं मनाला लागतात. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याच्या जाहिराती असतात, त्यात त्याच्या अंगावरच्या व्रणांचं वर्णन ओळखीची खूण म्हणून दिलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या कुटुंबांची छायाचित्रं असतात. एखाद्या संध्याकाळी ती गप्प बसली तर ‘काय झालं’ म्हणून विचारा, आणि ऐका.

घरी मदत म्हणाल तर तुम्हाला अमेरिकेचा इतिहास यायची गरज नाही. उन्हाळ्यात क्लास लावू नका, जाडजूड गाइडंही आणू नका. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न आणि खऱ्या मुलांची तपासलेली उत्तरं फुकट मिळतात. कुठे गुण दिला, कुठे का नाही, ते शेजारी लिहिलेलं असतं. आठवड्याला एक उत्तर तिने वाचावं, आधी स्वतः गुण द्यावेत, मग परीक्षकाचे बघावेत. आणि रात्री जेवताना तिला रोज एक प्रश्न विचारा: आज जे वाचलंस त्यातलं तुला काय पटलं नाही? उत्तर आलं की ‘कशावरून?’ एवढंच म्हणा. ती तुमच्या विरुद्ध बोलेल, बाबांच्या विरुद्ध बोलेल, कधी पेशव्यांवरही घसरेल. तिथे थांबवू नका, पुन्हा ‘कशावरून?’ विचारा. बाबांना सांगा, पुढे डिझाइन रिव्ह्यूत चार वरिष्ठांसमोर ‘हे चुकतंय, आणि हे बघा का’ असं म्हणता येणारी इंजिनिअर याच जेवणाच्या टेबलावर घडते.

परीक्षेची नोंदणी शाळेमार्फत साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उन्हाळ्यासाठी एकच पुस्तक सुचवते, आणि ते मराठी आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या. परत गेल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ छापलं. कारखान्यांचा आणि नव्या श्रीमंतीचा तो काळ, म्हणजे तुमच्या लेकीचा सहावा कालखंड, एका मराठी बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलाय. स्त्रियांच्या शिक्षणाचं आणि संघटनांचं त्यात मनापासून कौतुक आहे, वर्णद्वेषावर टीकाही आहे. भाषा जुनी आहे, म्हणून दोघी मिळून वाचा. अडलेला शब्द तुम्ही सांगा. आणि त्या लिंकनच्या पत्राला विचारले तेच चार प्रश्न तिला रमाबाईंना विचारू द्या. त्यांना कौतुक कशाचं वाटलं, त्या कोणासाठी लिहीत होत्या, आणि कुठे त्यांच्या नजरेतून काही सुटलं, यावर तिचं काय म्हणणं पडतं ते मला जरूर कळवा.